डायलिसिसवर असलेल्या माणसाने दात कुठे दाखवावेत: नागपूरच्या मानेवाडा रोडवरच्या एका दवाखान्याचा अनुभव

किडनीच्या पेशंटला दाताचा डॉक्टर शोधणं किती अवघड असतं, हे ज्याच्या घरी डायलिसिस चालू आहे त्यालाच कळतं. माझं वय 70. पोस्टातून रिटायर झालो. शुगर आणि बीपी जुनं, त्यातूनच किडन्या गेल्या, आणि आता सोमवार-बुधवार-शुक्रवार धंतोलीत मशीनवर लागतो, एका वेळी चार तास. डायलिसिस महात्मा फुले योजनेतून होतं, दातांचं मात्र खिशातून. मानेवाडा रोडवरच्या या दवाखान्यात मी गेल्या दिवाळीनंतर जाऊन राहिलो आहे. तिथल्या डॉक्टर मॅडमची परवानगी घेतलेली नाही म्हणून नाव लिहीत नाही, पण जे पाहिलं ते सविस्तर लिहितो. डायलिसिसच्या हॉलमध्ये माझ्या आजूबाजूला जितके साठी-सत्तरीचे लोक पडलेले असतात, त्यातल्या बहुतेकांच्या तोंडाचे हाल आहेत आणि कोणी त्यांच्या तोंडात बॅटरी मारून पाहत नाही.

आधी तक्रार काय होती ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. तोंड कोरडं, इतकं की सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असायची. पाण्याला लोखंडाची चव. तर्री-पोह्याचा पहिला घास घेतला की गालाच्या आतून आग. हिरड्या फुगलेल्या, ब्रश लावला की रक्त. खालची एक दाढ हलत होती. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा. आणि वास. नातू जवळ येऊन बसायचा तो दूर बसायला लागला, सहा वर्षांचं पोर, त्याला काय म्हणणार. सौ. काही बोलली नाही, पण मला समजत होतं. मी दिवसातून तीनदा ब्रश करत होतो तरी वास जात नव्हता.

या दवाखान्याच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. तिथे खुर्चीवर बसवलं, दाढ हलवून पाहिली, 'काढून टाकू' म्हणाले आणि तोवर दुखण्यासाठी गोळ्या लिहून दिल्या. किडनीचं मी सांगितलं होतं, शर्टाची बाही वर करून फिस्टुलाही (डायलिसिसच्या सुया टोचायला हातातल्या रक्तवाहिन्या ऑपरेशनने जोडतात तो) दाखवला होता. दुसऱ्या दिवशी डायलिसिसला गेलो तेव्हा ती चिठ्ठी आमच्या टेक्निशियन भाऊने पाहिली आणि म्हणाला, 'काका, ही गोळी घेऊ नका जी, हे डायक्लोफेनॅक आहे.' किडनीच्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या नेफ्रो सरांनीही, तेच सांगितलं. मला अजून दिवसाला थोडी लघवी होते. ती जी उरलीसुरली किडनी काम करून राहिली आहे, ती अशा गोळ्यांनी बसते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक, सगळी एकाच जातीची. दाताच्या दुखण्याला सगळीकडे हीच सर्रास देतात. आमच्यासारख्यांना पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना विचारून. हे प्रत्येक दाताच्या दवाखान्यात माहीत असायला पाहिजे, आणि ते नसतं याचा मला खरोखर राग आहे.

मानेवाडा रोडच्या मॅडमचं नाव मला त्याच टेक्निशियन भाऊने सांगितलं. त्याची आई तिथे जाते.

पहिल्या भेटीत मॅडमनी तोंड उघडायलाच सांगितलं नाही. आधी फाइल मागितली. रिसेप्शनवर एक छापील कागद भरून घेतात, मराठीत आहे, अक्षर मोठं आहे. त्यावर डायलिसिसचे वार, फिस्टुला कोणत्या हाताला, कोणकोणत्या गोळ्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, शेवटचं हिमोग्लोबिन किती, हिपॅटायटिस बी आणि सी चे रिपोर्ट, किडनीच्या डॉक्टरांचा फोन, असं सगळं. मी लिहीत होतो तोवर त्यांनी उजव्या हाताला बीपी घेतलं. डाव्या हाताला फिस्टुला आहे हे कागद वाचून त्यांनीच असिस्टंटला सांगितलं. मला एरवी प्रत्येक ठिकाणी ओरडून सांगावं लागतं की या हाताला पट्टा बांधू नका, इथे सुई टोचू नका. दाबाने फिस्टुला बंद पडला की पुन्हा ऑपरेशन, तोवर मानेत नळी. त्या दिवशी मला एकदाही सांगावं लागलं नाही. तिथेच माझा विश्वास बसला.

मग आरशाने आणि लाइटने सगळं तोंड पाहिलं. फक्त दुखणारी दाढ नाही, गालांच्या आतली बाजू, जिभेखाली, टाळू, सगळं. कवळी काढायला लावली आणि तिच्याखालचं टाळूही पाहिलं. आपल्याकडे सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणारे इतके आहेत की त्या प्रत्येकाचे गाल पाहतात, तोंड किती बोटं उघडतं ते मोजतात. माझं सुपारी-तंबाखूशी कधी जमलं नाही, पण माझ्यानंतर एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, त्यांच्या तोंडात दोन बोटंसुद्धा जात नव्हती. मॅडम त्यांच्याशी बराच वेळ बोलत बसल्या, बाहेर लाइन लागली होती तरी.

आता माझ्या तोंडाबद्दल त्यांनी जे समजावलं ते लिहितो, कारण दीड-दोन वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

वासाचं कारण दातात नव्हतं. किडनी युरिया बाहेर टाकत नाही, तो रक्तात साठतो आणि लाळेतही उतरतो. तोंडातले जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात. तो अमोनियाचा वास आणि तीच ती लोखंडी चव. म्हणून ब्रश कितीही केला तरी पूर्ण जात नाही, डायलिसिसनंतर कमी होतो आणि पुढच्या डायलिसिसच्या आधी पुन्हा वाढतो. शुक्रवार ते सोमवार मधे दोन दिवसांचा गॅप पडतो, तेव्हा सगळ्यात जास्त. मी घरी येऊन सौ.ला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'म्हणजे सोमवारी सकाळी जास्त असतो तो म्हणूनच का?' तिने वार बरोबर पकडला होता. मॅडम म्हणाल्या, वास अचानक फार वाढला तर तो डायलिसिस कमी पडत असल्याचाही इशारा असू शकतो, नेफ्रो सरांना सांगायचं. ही गोष्ट सगळ्या घरच्यांना माहीत पाहिजे.

कोरडेपणाची कारणं अनेक. पाणी मोजून, माझं दिवसाचं साधारण लिटरभर, त्यात चहा, वरण, ताक सगळं आलं. शुगरमुळे कोरडं पडतं ते वेगळं. गोळ्यांमुळेही. आणि वयानेही. लाळ कमी झाली की दात धुतले जात नाहीत, कवळी टाळूवर घासते, बुरशी होते. शिवाय कोरड पडली की माणूस पाणी पितो, पाणी प्यायलं की दोन डायलिसिसच्या मधे वजन वाढतं, मग मशीनवर पाणी ओढावं लागतं आणि बीपी पडतं, पायात गोळे येतात. नागपूरचा मे महिना डोळ्यापुढे आणा, पारा 45 च्या पार, कूलर चालू आणि आपल्या हातात मोजलेली बाटली. तोंडाचा कोरडेपणा हा आमच्यासाठी नुसता त्रास नाही, त्याने हृदयावर ताण येतो.

यासाठी मॅडमनी जे करायला सांगितलं ते साधं होतं आणि त्यातलं बरंच मला लागू पडलं. रोजच्या पाण्यातलंच मोजून पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये लावायचं आणि दुपारी एकेक खडा तोंडात ठेवायचा. लिटरच्या हिशोबात ते पाणी धरायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं. बिनसाखरेचा च्युइंगगम चघळला की लाळ सुटते आणि तहान कमी वाटते, पण माझी वरची कवळी असल्याने तो चिकटतो, म्हणून ते मी सोडलं. कृत्रिम लाळेचा स्प्रे लिहून दिला, तो रात्री झोपताना आणि मशीनवर असताना वापरतो. महाग आहे, आणि दवाखान्याखालच्या औषधाच्या दुकानात नेहमी मिळत नाही, मेडिकल चौकापर्यंत जावं लागतं. माउथवॉश घ्यायचा तर अल्कोहोल नसलेला, नाहीतर तोंड आणखी सुकतं.

संत्र्याचं मला फार वाईट वाटायचं. नागपुरात जन्मलो, अंगणात पोतं पडलेलं पाहत मोठा झालो, आणि आता आहारतज्ज्ञ सांगतात पोटॅशियम वाढतं, मोजून खा. तहान लागली की मी एखादी फोड किंवा लिंबाचा तुकडा चोखत होतो. मॅडम म्हणाल्या, काका, पोटॅशियम एक आणि आंबट दुसरं. लाळ नसलेल्या तोंडात आंबट गेलं की दाताचं वरचं आवरण झिजतं, धुऊन काढायला लाळच नाही. लाल दंतमंजनही बंद करायला लावलं, ते खरखरीत असतं. आता मऊ ब्रश आणि फ्लोराइडची साधी पेस्ट. मिठाच्या गुळण्यांचं विचारलं तर म्हणाल्या, कराव्या पण एक थेंब गिळायचा नाही, मीठ पोटात गेलं की तहान वाढलीच.

ओठांच्या चिरा आणि कवळीखालचा लालसर डाग ही बुरशी निघाली. कवळी मी रात्रीही घालूनच झोपायचो. आमच्या वयाचे बरेच लोक तसंच झोपतात, कोणी सांगितलेलंच नसतं. आता रात्री काढून पाण्यात ठेवतो, रोज ब्रशने घासतो, आणि बुरशीवरचं माउथ पेंट काही आठवडे लावलं. चिरा भरल्या. कवळी थोडी सैल झाली होती, ती आतून भरून दिली. त्यासाठी नवीन कवळी करा असं त्या म्हणू शकल्या असत्या.

हिरड्यांचं प्रकरण मला सगळ्यात नवं होतं. माझी बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन. त्या गटातल्या गोळ्यांनी काही लोकांच्या हिरड्या वाढतात, दातांवर चढतात. किडनी बदलल्यावर काहींना जी सायक्लोस्पोरिन देतात तिनेही होतं. मॅडमनी स्वतः गोळी बदलली नाही. त्यांनी नेफ्रो सरांना चिठ्ठी लिहिली, लेटरहेडवर, स्वच्छ अक्षरात, 'हिरड्यांची वाढ दिसते, औषधाचा पुनर्विचार शक्य असल्यास कळवावे.' सरांनी ती वाचून गोळी बदलून दिली. दोन डॉक्टर माझ्याबद्दल एकमेकांशी बोलत आहेत हे पहिल्यांदा घडत होतं. एरवी मीच मध्ये उभा असतो, एकाचं दुसऱ्याला सांगत, आणि अर्धं विसरून.

हिरड्या अजून पूर्ण खाली गेलेल्या नाहीत. पण रक्त बऱ्यापैकी थांबलं, त्याचं मोठं कारण सफाई. माझ्या खालच्या पुढच्या दातांच्या मागे इतका कीट, म्हणजे कडक थर, चढला होता की दातांच्या मधल्या फटीच दिसत नव्हत्या. मॅडम म्हणाल्या, डायलिसिसच्या पेशंटची लाळ अल्कलाइन असते आणि कॅल्शियम-फॉस्फरसचा हिशोब बिघडलेला असतो, त्यामुळे कीट पटकन आणि कडक जमतो. सगळं एका दिवसात केलं नाही, तोंडाचे भाग पाडून केलं, कारण युरियामुळे रक्तातल्या प्लेटलेट नीट काम करत नाहीत, संख्या ठीक असली तरी रक्त थांबायला वेळ लागतो. एका बाजूचं झालं की कापूस दाबून बसवायच्या आणि रक्त थांबलेलं बघूनच घरी सोडायच्या. मला शुगर आहे म्हणून वेळ नेहमी सकाळी नाश्त्यानंतरची दिली.

दाढ काढण्याआधी त्यांनी सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढला. स्क्रीनवर मला जवळ बोलावून दाखवला. म्हणाल्या, 'काका, हे पाहा, दाताच्या मुळाभोवती अशी बारीक पांढरी रेघ असायला पाहिजे.' एका दुसऱ्या पेशंटचा, चांगल्या हाडाचा एक्स-रे शेजारी लावला. त्यात प्रत्येक मुळाला पेन्सिलने काढल्यासारखी रेघ स्पष्ट होती. माझ्यात ती कुठे पुसट, कुठे नाहीच, आणि हाड धुकट काचेसारखं. किडनी गेली की फॉस्फरस वाढतो, व्हिटॅमिन डी तयार होत नाही, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जोर करतात आणि हाडांतून कॅल्शियम ओढतात. जबडाही हाडच आहे. माझी दाढ हिरडीच्या रोगाने तर हलत होतीच, पण खालचं हाडही कमजोर झालेलं होतं. त्यांनी पीटीएच (त्याच पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन), कॅल्शियम, फॉस्फरसचे शेवटचे रिपोर्ट मागितले. पीटीएच जुना होता. सरांना सांगून नवीन करून घेतला, तो वाढलेला आला, आणि औषध सुरू झालं. दाताच्या एक्स-रेवरून हाडाचा रोग पकडला गेला, हे मी हॉलमध्ये सगळ्यांना सांगून राहिलो आहे.

दाढ मंगळवारी काढली. वार मुद्दाम तो. सोमवारी डायलिसिस झालेलं, म्हणजे रक्त स्वच्छ, अंगातलं जास्तीचं पाणी निघालेलं आणि मशीनवर रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपरिनचा असर उतरलेला. डायलिसिसच्याच दिवशी काढली असती तर हेपरिनमुळे रक्त थांबायला त्रास, आणि माणूस थकलेला असतो तो वेगळाच. पुढचं डायलिसिस बुधवारी, तेव्हा हेपरिन न देता किंवा अगदी कमी देऊन करावं अशी चिठ्ठी सेंटरला दिली. ती नेली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, 'असं कोणी लिहून देत नाही हो काका.' भूल दिली ती लिव्हरमधून निघणारी, किडनीवर भार नाही, हेही आधी सांगितलं. दाढ निघाल्यावर खड्ड्यात विरघळणारा स्पंज ठेवला, टाके घातले, रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेला बोळा चावून धरायला दिला. खुर्चीवरून एकदम उठू दिलं नाही, पाय खाली सोडून थोडा वेळ बसवलं, चक्कर येते म्हणून. सौ.ला आत बोलावून समजावलं, रात्री रक्त आलं तर काय करायचं आणि कोणत्या नंबरवर फोन करायचा. संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

अँटिबायोटिक दिलं तेही मोजून. अमॉक्सिसिलिन, पण नेहमीसारखं दिवसातून तीनदा नाही, अंतर वाढवलं, आणि डायलिसिसच्या दिवशी मशीनवरून उतरल्यावर घ्यायचं, नाहीतर मशीन ते औषधच काढून टाकतं. फिस्टुला आहे म्हणून प्रत्येक वेळी दात साफ करायच्या आधी अँटिबायोटिक लागतंच असं नाही, ते पेशंट पाहून किडनीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतात, असंही त्यांनी सांगितलं. जखम भरायला वेळ लागला. माझ्या मित्राची दाढ त्याच सुमारास निघाली, त्याचं आठवड्यात भरलं, माझं बरंच लांबलं. पण पिकलं नाही.

जेवणाचा फरक सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. डायलिसिसवर गेल्यावर प्रोटीन उलट जास्त खावं लागतं, वजनाच्या किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम, कारण मशीनमध्ये प्रोटीन जातं. आहारतज्ज्ञ दर महिन्याला रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे प्रोटीन, पाहून रागवायच्या. मी खात काय होतो, तर मऊ भात आणि पातळ वरण, कारण बाकी काही चावत नव्हतं आणि तोंड भाजत होतं. अंड्याचा पांढरा भाग चवीमुळे गळ्याखाली उतरत नव्हता. आता उकडलेली अंडी खातो, कोंबडीचे बारीक तुकडे चावतो, ज्वारीची भाकरी पापुद्र्यासकट खातो. अल्ब्युमिन वर सरकून राहिलं आहे. सावजीचं तिखट अजूनही झेपत नाही, तो नाद सोडला.

दवाखान्यात काय खटकलं तेही लिहायला पाहिजे. पहिल्या वेळी रिसेप्शनवरच्या मुलीने भरल्या हॉलमध्ये मोठ्याने विचारलं, 'काका, हिपॅटायटिस आहे का तुम्हाला?' सगळे वळून पाहायला लागले. रिपोर्ट मागणं बरोबरच आहे, डायलिसिसच्या पेशंटमध्ये ते पाहायलाच पाहिजे, पण ते कागदावर विचारायचं. मी मॅडमना सांगितलं, त्यांनी त्या मुलीला माझ्यासमोर नाही, आत बोलावून समजावलं, आणि आता तो कागद प्रत्येक जण स्वतः भरून उलटा ठेवून देतो. इन्स्ट्रुमेंटची पाकिटं आपल्यासमोर फोडतात, ते मी नीट पाहिलेलं आहे.

दुसरं, वेळ पाळत नाहीत. अपॉइंटमेंट दहाची असली तर नंबर साडेअकराला लागतो. प्रत्येक पेशंटला त्या इतका वेळ देतात की ते होणारच, आणि मला तो वेळ मिळाला म्हणून मी गप्प बसतो. पण शुगरवाल्या माणसाला इतकं थांबवू नये. खिशात बिस्किट ठेवून जा.

खर्च माझा असा झाला: तपासणी 300, पूर्ण जबड्याचा एक्स-रे 500, सफाई सगळी मिळून 1500, दाढ काढणं टाक्यांसकट 1200, कवळी भरून देणं 800. धरमपेठ-रामदासपेठच्या मानाने कमी वाटला, आमच्या भागाच्या मानाने थोडा जास्त. खालच्या दोन दातांचं अजून ठरायचं आहे. इम्प्लांटचं मी विचारलं होतं, मॅडमनी पीटीएच आणि हाड पाहून सध्या नाही म्हटलं. काढता-घालता येणारी छोटी कवळीच करू म्हणाल्या. लाखभराचं काम त्यांनी स्वतः नाकारलं, हे मी लक्षात ठेवलं आहे.

ज्यांना एवढंही परवडत नाही त्यांनी मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जावं, 1968 पासूनचं आहे, सगळे विभाग एकाच ठिकाणी. जाताना डायलिसिसची फाइल, गोळ्यांची यादी आणि ताजे रिपोर्ट न्या, आणि डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जा. आमच्या हॉलमध्ये एक पस्तिशीचा मुलगा आहे, किडनीसाठी झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयवदानाचं काम पाहणाऱ्या केंद्राच्या, यादीत नाव आहे. त्याला ट्रान्सप्लांटच्या आधी दातांचं सर्टिफिकेट आणायला सांगितलं आहे, कारण एकदा किडनी बसली की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू होतात, मग दाताच्या मुळाशी दडलेला पू जिवावर बेतू शकतो. त्यालाही मी मॅडमचा पत्ता दिला. म्हाताऱ्या लोकांना कोणी असं सर्टिफिकेट मागत नाही, म्हणून त्यांचं तोंड कोणी पाहतही नाही. डायलिसिस सुरू करतानाच एक चिठ्ठी दाताच्या डॉक्टरची असावी असं मी नेफ्रो सरांना लेखी दिलं आहे. त्यांनी ते फाइलला लावून ठेवलं.

दवाखाना वरच्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आणि लिफ्ट नाही. कठड्याला धरून मी चढतो, पण डायलिसिस झालेल्या दिवशी चढूच नका. ज्यांना चढवत नाही त्यांनी खालून फोन करावा. मॅडम आरसा-टॉर्च घेऊन खाली येतात, औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावर बसवून तोंड पाहतात आणि वर नेण्याइतकं काम आहे की नाही ते सांगतात. नुसतं औषध लिहायचं असेल तर तिथेच लिहून देतात. दात काढायचा असेल तर मात्र वर जावंच लागतं, सोबत धरायला दोघं तरी आणा. मंगळवार आणि गुरुवारच्या सकाळी त्यांनी डायलिसिसवाल्यांसाठी राखून ठेवल्या आहेत, नंबर आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत लावावा लागतो.